झिप्रीची उघडी पाने

डोळे मिटा बरं, मुलांनो. घट्ट नको; पापण्यांतून थोडा उजेड झिरपेल इतपत. आता समोर एक डोंगर आणा. मेळघाटातला, सागाने आणि बांबूने भरलेला. त्याच्या माथ्यावर एक लांबट कौलारू शाळा ठेवा. शाळेच्या मागे लोखंडी कठडा, आणि कठड्यापलीकडे दरी. आता त्या दरीतून धुके वर येऊ द्या. घाई करू नका, ते आपले आपण येते. आधी कठडा पुसला जातो, मग झेंड्याचा खांब, मग खिडक्या. शेवटी अंगणातली मुले एकमेकांना नुसत्या आवाजावरून ओळखू लागतात.

दिसली शाळा? मग तिच्या सातवीच्या वर्गात खिडकीच्या गजांवर एक वेल चढवा. पाने लाजाळूसारखी, बारीक बारीक पाकळ्यांची. लाजाळूला बोट लावून तिला मिटताना तुम्ही पाहिलेच असेल. या वेलीला मात्र बोट लावावे लागत नाही. तिच्याजवळ कुणी नुसते घाबरले, तरी ती पाने मिटते.

ही गोष्ट अजून घडलेली नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमची मुले दप्तर पाठीला लावतील, साधारण तेव्हाची आहे. त्या शाळेचे नाव सेमलखेडा, आणि त्या वेलीवर फार जीव असलेल्या मुलीचे नाव जुई खंडारे.

वेल आली कशी, ते आधी सांगतो. त्याआधी काही वर्षे, खाली मैदानी मुलखातल्या एका शाळेत एका मुलाने दुसऱ्याला फार वाईट जखमी केले होते. सगळे राज्य हळहळले. मग शाळाशाळांतून कॅमेरे लागले, दारावर दप्तरे तपासणारी यंत्रे आली, भिंती उंच झाल्या. पण कॅमेऱ्याला काय दिसते? उगारलेला हात दिसतो. हात उगारला जाण्याआधी कितीतरी दिवस एखादे पोर आतल्या आत आक्रसत असते, ते कॅमेऱ्याला दिसत नाही. तेच दिसावे, म्हणून ही वेल.

ती घेऊन अकोल्याहून काझी मॅडम आल्या. वनस्पतींच्या शास्त्रज्ञ. जीपमधून कुंड्या उतरवून घेता घेता त्यांच्या चष्म्यावर धुके बसत होते आणि त्या तो ओढणीला पुसत होत्या.

"भीतीला वास असतो," वर्गात आल्यावर त्या म्हणाल्या.

"कसा, मॅडम? कांद्यासारखा?" शर्वरीने विचारले, आणि वर्ग खदखदला. शर्वरी सातवीची मॉनिटर. ती बोलली की वर्ग हसायचाच.

"तुझ्या-माझ्या नाकाला नाही कळत. कुत्र्याला कळतो. माणूस घाबरला की त्याचा घाम बदलतो, श्वास बदलतो. त्यातून फार हलके कण हवेत सुटतात. कुत्र्याच्या नाकात त्या कणांची कुलपं असतात. कण किल्लीसारखा कुलपात बसला की कुत्र्याला समजतं, हा घाबरला. आम्ही त्या कुलपाचा नकाशा उचलला आणि या वेलीच्या पानांत उतरवला."

"मग पान मिटतं कसं?" जुईने विचारले.

"पानाच्या देठाशी पाण्यानं फुगलेली एक गादी असते. गादी भरलेली, म्हणून पान ताठ. कुलपात किल्ली बसली की पानातून विजेची अगदी बारीक लहर धावते. ती गादीपर्यंत पोचली की पाणी बाजूला पळतं, आणि पान मिटतं. लाजाळूत हेच होतं. आम्ही बोटाच्या जोडीला भीती ठेवली, एवढंच."

एवढे बोलून त्यांनी जुईच्या बाकावर पटकन काहीतरी टाकले. पाल! जुई किंचाळून बाकावर चढली. पाल रबराची होती. पण तिच्या डोक्यावर, खिडकीत ठेवलेल्या वेलीची पाने एकामागून एक मिटत गेली, जणू कुणी वरून अलगद हात फिरवत होते. वर्ग आधी हसला, मग माना वर करून पाने पुन्हा उघडायची वाट बघू लागला.

जायच्या आधी मॅडमनी आणखी एक गंमत दाखवली. साध्या लाजाळूचे रोप घेतले, आणि ड्रॉपरने तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला. पाने मिटली. उघडली, पुन्हा थेंब. पुन्हा मिटली. मुलांनी आळीपाळीने थेंब सोडले. असे करता करता एक वेळ अशी आली, की थेंब पडला आणि पाने उघडीच राहिली.

"मेली का वं ती?" मागून कुणीतरी कुजबुजले.

"मेली नाही. बोट लाव." बोट लावताच ती मिटली. "तिला थेंबाची सवय झाली. मिटलेलं पान ऊन खाऊ शकत नाही. दर थेंबाला मिटत बसली तर उपाशी राहील. म्हणून ती थेंबाकडं बघणं सोडते. आता नियम ऐका. दर पंधरवड्याला वर्गावर्गांतल्या कुंड्या बदलायच्या. सातवीची सहावीत, सहावीची पाचवीत. एकाच जागी राहिली तर वेलीला तिथल्या हवेची सवय होईल."

मुख्याध्यापक इंगोले सरांनी मान डोलावली. मुलांनीही डोलावली. सगळ्यांना नीट समजले होते. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झाले ते न समजल्यामुळे झाले नाही.

झाले असे, की सातवीने वेलीचे बारसे केले.

कल्पना शर्वरीची. घरून जुना पाळणा आला, कुंडीला कुंची घातली गेली, हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजल्या. वेलीला पाणी घालायचे काम जुईकडे होते, म्हणून ती आई. शर्वरी आत्या. आत्याने पानांशी ओठ नेऊन नाव सांगितले, आणि रीतीप्रमाणे साऱ्या पोरींनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले.

"हळू ना वं! मोडान का मले?" शर्वरी हसता हसता ओरडली. "झिप्री! झिप्री नाव ठेवलं इचं!"

मग काय, सहावीने त्यांच्या वेलीचे बारसे केले, ती भुरी झाली. पाचवीची ठमी. पंधरा दिवसांनी सहावीची मुले झिप्रीला न्यायला आली तेव्हा शर्वरी दारात आडवी उभी राहिली. "आमची पोरगी अशी कोणाच्याही घरी देऊ का आम्ही? तिले करमन का तिथं?"

जुईने तर कुंडीला मिठीच मारली होती. इंगोले सर आले, त्यांनी पाहिले आणि त्यांना हसू आवरेना. "राहू द्या बाप्पा," ते म्हणाले, "लेकराले घर सोडवत नाही." कुंड्या ज्यांच्या त्यांच्याकडे राहिल्या. त्या दिवशी, आणि मग कायमच्या.

वेलींनी काम चांगले केले, हेही खरे. गणिताच्या तासाला पाचवीची ठमी रोज मिटायची. इंगोले सरांनी विचारपूस केली आणि गणिताच्या शिक्षकांची फूटपट्टी टेबलाच्या खणात गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. प्रत्येक कुंडीला एक चिमटा होता. तो पानांतल्या लहरी मोजून ऑफिसातल्या पडद्यावर दिवे लावायचा. शांत असेल तर हिरवा, पाने मिटली तर पिवळा. हळूहळू पिवळे दिवे कमी झाले. पूर्वी मधल्या सुटीत शिक्षक अंगणात फिरायचे, भांडणे सोडवायचे, कुणाचा डबा सांडला तर आपल्यातला द्यायचे. आता ते ऑफिसात बसून चहा प्यायचे, आणि अधूनमधून पडद्याकडे नजर टाकायचे. हिरवा. म्हणजे सारे ठीक.

दिवाळीनंतर सातवीत सुगंती जामुनकर आली. दरीतल्या पाड्यावरची, कोरकू घरातली. घरी तिची भाषा वेगळी, म्हणून मराठी बोलताना ती एकेक शब्द असा ठेवायची, जसे कुणी ओल्या दगडांवरून नाला ओलांडते. ती मागच्या बाकावर, खिडकीशी बसली. झिप्रीची सगळ्यात लांब फांदी तिथेच उतरलेली होती.

शर्वरीला आवाज काढायची कला होती. तिने सुगंतीचे ते सांभाळून बोलणे उचलले. वर्ग हसला. जुईही हसली. शर्वरी काही वाईट मुलगी नव्हती हो. जुईचे बाबा परतवाड्याच्या दवाखान्यात होते तेव्हा जुई तिच्याच घरी झोपायची, आणि अंधाराची भीती वाटू नये म्हणून शर्वरी तिला खोट्या खोट्या बातम्या वाचून दाखवायची. अशा मैत्रिणीचे काही चुकत असेल, हे मनात यायलाच वेळ लागतो.

पहिल्या दिवसांत मागची फांदी सारखी मिटायची. इंगोले सर स्वतः आले. "काय झालं, बाळा?"

"काही नाही, सर," सुगंती म्हणाली.

"नवीन आहे ना सर, भेव लागते तिले," शर्वरीने समजावले. "आम्ही घेतो ना तिले आमच्यात."

आणि घेतलेही. धुके दाट असले, की मधल्या सुटीत शर्वरी सुगंतीला मागच्या कठड्याशी न्यायची. कठड्यापलीकडे एक सपाट दगड होता, त्याच्यापुढे काही नाही. "ही भेव मोडायची शाळा," शर्वरी म्हणायची. "जा. आम्ही हाक मारली की ये." सुगंती कठडा ओलांडून दगडावर उभी राहायची, पाठ पोरींकडे, तोंड धुक्याकडे. मग शर्वरी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करायची, जणू सगळे निघून गेले. पांढऱ्या शांततेत ती पाठ तेवढी दिसायची. कधी तीही दिसायची नाही. जुईचे काम सुगंतीचा डबा धरून उभे राहायचे. तो गार ॲल्युमिनियमचा डबा तिच्या हातात हळूहळू गरम व्हायचा. परत आल्यावर सुगंती तो घ्यायची आणि वर्गाकडे चालू लागायची.

थोड्या दिवसांनी मागची फांदी मिटेनाशी झाली. ऑफिसातला दिवा हिरवा झाला.

"रुळली पोर," इंगोले सर समाधानाने म्हणाले.

ते वर्ष सरले. मुले सातवीतून आठवीत गेली, आणि झिप्रीही त्यांच्याबरोबर आठवीत गेली; पोरीला मागे कोण सोडील? तशीच भुरी सातवीत आणि ठमी सहावीत गेली. सुगंतीने पुन्हा मागचाच बाक धरला, आणि ती फांदी पुन्हा तिच्याच डोक्यावर आली. श्रावणात बातमी आली, की सेमलखेड्याला 'निर्भय शाळा' म्हणून पाटी मिळणार. साऱ्या जिल्ह्यात इतके हिरवे दिवे कुणाचे नव्हते. शनिवारी पाहुणे येणार होते. मुले पताका कातरत होती.

गुरुवारी सकाळी एक माकड खिडकीतून आत उडी मारून आले.

काळ्या तोंडाचे, हे एवढे! खडूची पेटी उधळली, शर्वरीचा डबा उचलला. पोरी किंचाळत बाकांवर चढल्या. झिप्री पुढून मागपर्यंत सरसर मिटत गेली, तीही घाबरून पळत सुटल्यासारखी. माकड गेले. मुले हसू लागली. जुई सवयीने वेलीकडे बघत होती, लेकराला काही लागले नाही ना, म्हणून. आणि तिला दिसले, की सारी वेल मिटलेली आहे, फक्त मागची फांदी उघडी आहे. रुंद, हिरवीगार, एकही पान न हलवता.

तिच्याखाली सुगंती बसली होती. तीही किंचाळली नव्हती. तिने दोन्ही हातांनी बाकाची कड इतकी घट्ट धरली होती, की नखे पांढरी पडली होती.

"बघा, आमची झिप्री कशी धीट!" शर्वरी ओरडली. "मागचा शेंडा तर वाघच हाये!"

जुईने जवळ जाऊन त्या फांदीला बोट लावले. पाने चटकन मिटली.

म्हणजे मिटता येते हिला, जुईच्या मनात आले. मग मघाशी का नाही मिटली? आणि कुठूनतरी, बऱ्याच मागून, ड्रॉपरचा एक थेंब तिच्या मनात टपकन पडला. मेली का वं ती? मेली नाही. सवय झाली.

दिवसभर तिचे कशात लक्ष लागले नाही. घरी आईने विचारले, "ताप आहे का गं?" जुई पांघरूण ओढून पडली. त्या रात्री झोपेत तिला अशी एक वेल दिसली, जी दगडांवरून दरीत उतरत चालली होती, सगळी पाने सताड उघडी ठेवून, आणि कुणीच तिला हाक मारत नव्हते.

शुक्रवारी ती शाळेत लवकर गेली. सातवीच्या खोलीतून भुरीची कुंडी उचलली. या भुरीला आठवीची हवा माहीत नव्हती. ती तिने मागच्या खिडकीत, सुगंतीच्या बाकाजवळ ठेवली आणि स्वतः फळ्यापाशी जाऊन पताका चिकटवत राहिली.

सुगंती आली. दप्तर ठेवले. भुरीकडे बघून तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले, हसू म्हणण्याइतके नाही. भुरीची पाने उघडी होती.

शर्वरी दारातून आत आली. "गुड मॉर्निंग, मंडळी!" भुरी हलली. शर्वरी दोन बाक पुढे आली आणि भुरीची पाने मिटली, टोकापासून देठापर्यंत, पावसात छत्री मिटावी तशी. झिप्रीची फांदी त्याच हवेत, त्याच खिडकीत, शांत उघडी होती.

शर्वरी पताका बघायला बाहेर गेली. बऱ्याच वेळाने भुरी पुन्हा उघडली. जुईला खात्री पटली होती. आता सुगंतीला काहीतरी सांगावे, निदान पाठीवर हात ठेवावा, म्हणून ती मागच्या बाकाकडे निघाली.

ती तिसऱ्या बाकाशी पोचली, आणि भुरी मिटली.

जुई थांबली. आपल्या मागे शर्वरी आली असेल, असे वाटून तिने वळून पाहिले. मागे कुणी नव्हते.

मुलांनो, आरशात आपण रोज बघतो. पण दुसऱ्याच्या मनात आपण कसे दिसतो, ते दाखवणारा आरसा क्वचितच समोर येतो. जुई त्या मिटलेल्या पानांसमोर उभी होती, आणि तिच्या रिकाम्या हातांना तो गार डबा जाणवत होता. आपण तर काहीच केले नाही, असे तिला वर्षभर वाटत आले होते. खरेच होते ते. तिने काहीच केले नव्हते.

ती एक पाऊल मागे सरली. मग वर्गाबाहेर गेली.

मधली सुटी झाली तेव्हा धुके इतके दाट होते, की घंटा कुठून वाजते ते कळेना.

"चल वं जुई," शर्वरीने हाक दिली. तिच्या एका हातात सुगंतीचे मनगट होते. "उद्या पाहुणे हायेत. आज शेवटचा तास, मग शाळेले पाटी! डबा धर."

जुईने डबा घेतला नाही. "आज नोको ना," ती म्हणाली. "दगड ओला हाये."

"कायले भेते एवढी? तुले थोडीच जायचंय?" शर्वरीने डोळे बारीक केले. "का आता तू तिची झाली?"

जुईच्या मनात आले, नाही म्हणावे तर ही कायमची जाईल. परतवाड्याच्या त्या रात्री, खोट्या बातम्या, सगळे जाईल. शर्वरी वाट बघून हसली आणि सुगंतीला घेऊन धुक्यात शिरली. मागोमाग चार-दोन पोरी. बघता बघता त्यांची पावलेही ऐकू येईनात.

जुई ऑफिसकडे धावली.

आत चहा चालू होता. पडद्यावर रांगेने हिरवे दिवे, आणि टेबलावर उद्याच्या भाषणाचा कागद.

"सर, चला! कठड्यापाशी चला! सुगंती पलीकडे हाये!"

"कोणत्या कठड्यापाशी? अगं, पडद्यावर बघ, सगळं हिरवं..."

"सर, पडद्याकडं नका बघू!" जुई मोठ्याने ओरडली. इतक्या मोठ्याने ती त्या ऑफिसात कधी बोललीच नव्हती. "माझ्याकडं बघा!"

इंगोले सरांनी पाहिले. मास्तरकीत त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि पोराच्या चेहऱ्यावर काय लिहिलेले असते ते त्यांना एके काळी पडद्यावाचून वाचता यायचे. कप तसाच ठेवून ते उठले. पायांत चपला घालायचे राहिले.

कठड्याशी पोरी ओठांवर बोटे ठेवून उभ्या होत्या. सरांना बघून त्या बाजूला झाल्या. पलीकडे पांढऱ्यात एक निळा फ्रॉक तेवढा दिसत होता. दगडावर शेवाळ चमकत होते.

जुईने हाक मारायला तोंड उघडले आणि तिला भुरी आठवली. तिने तोंड मिटले. सरांच्या बाहीला धरून ती कुजबुजली, "तुम्ही बोला, सर. माझ्या आवाजाला भेते ती."

सरांनी आधी आवाज सांभाळला. "सुगंती, बाळा," ते जेवायला बोलवावे तसे म्हणाले, "मी इंगोले सर. वळू नको. आहे तिथंच हळूच खाली बस. हां. आता बसल्या बसल्या मागं सरक. मी आहे इथं. कठड्याला तुझी पाठ लागेल. लागली? आता माझा हात घे."

धुक्यातून एक हात वर आला. सरांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि सुगंती अलीकडे येऊन उभी राहिली तरी बराच वेळ सोडला नाही.

ऑफिसात सरांनी काझी मॅडमना फोन लावला. सारे ऐकून मॅडम म्हणाल्या, "कुंड्या बदलल्या होत्या ना, सर?"

"बारसं केलं होतं हो आम्ही त्यांचं," सर म्हणाले.

त्या दुपारी जुईने सगळे सांगितले, आपण डबा धरायचो तेही. दारात शर्वरी उभी होती. "चुगलखोर," ती जुईकडे न बघता म्हणाली. "मी गंमत करत होती. तिले धीट करत होती." टेबलावर भुरी आणून ठेवलेली होती. शर्वरी खुर्चीत बसली, तशी भुरी मिटली. सरांनी ते पाहिले. ओरडायचे म्हणून त्यांनी घेतलेला श्वास हळूच सोडला, आणि खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले. "तुझ्या आई-बाबांना बोलावलंय," ते म्हणाले. "जे केलंस ते लहान नाही, आणि ते मिटवून टाकणार नाही मी. पण आधी तू मला सांग. मला वेळ आहे." मग त्यांनी जुईला दार लोटून घ्यायला सांगितले. आत शर्वरी पहिल्यांदाच, कुणाचाही आवाज न काढता, रडत होती.

शनिवारी पाहुणे आले नाहीत. सरांनीच कळवले होते, पाटी नको. पताका मात्र तशाच राहिल्या, कारण त्या काढायला कुणाचे हात होईनात. वर्गावर्गांतून कुंड्या निघाल्या. झिप्री सहावीत गेली. जुईने ती स्वतः उचलून नेली, खाली ठेवली आणि मागे न बघता परतली. सहावीच्या पोरांनी तिला दुपारपर्यंत वेगळे नाव ठेवलेसुद्धा. कठड्यापाशी मधल्या सुटीत आता इंगोले सर उभे असायचे, धुके असो नसो, हातात चहाचा कप घेऊन. बाकीचे शिक्षकही अंगणात दिसू लागले. पडदा ऑफिसात होता. त्याच्यासमोर बसायला कुणी नव्हते.

शर्वरी पंधरा दिवस शाळेत आली नाही. मग आली, आईबरोबर, आणि पुढच्या बाकावर एकटी बसली. जुईकडे तिने पाहिले नाही.

आणि सुगंती? ती मागच्याच बाकावर. तिच्या खिडकीत आता सहावीची ठमी होती. डबा ती एकटीच खायची.

एका दुपारी धुके पातळ झाले होते, खिडकीतून दरीचा तळ दिसत होता, आणि तिथल्या पाड्यावरून निघालेला धूर सरळ वर येत होता. वर्गात ती आणि जुई दोघीच होत्या. जुई आपला डबा घेऊन उठली. सॉरी ती आधीच म्हणाली होती, सरांच्या समोर, आणि सुगंतीने "हां" म्हटले होते. पण ठमीच्या पानांनी अजून काही म्हटले नव्हते.

जुई एक बाक मागे गेली. पाने उघडी. आणखी एक बाक. उघडी. तिसऱ्या बाकाशी ती पोचली, आणि सगळ्यात टोकाची एक पाकळी थरथरून मिटली.

जुई तिथेच थांबली. मग एक बाक पुढे परतली, ती पाकळी पुन्हा उघडेपर्यंत उभी राहिली, आणि तिथे, तेवढ्या अंतरावर, बाकावर बसून तिने डबा उघडला.

दुसऱ्या दिवशीही ती तिथेच बसली.